ळ कुठे बसतो? कॉम्प्युटर सायन्सची अगदी पहिली ओळख

साधा एसेमेस इंग्लिशमध्ये लिहिला तर एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, आणि तोच मराठीत लिहिला तर फक्त ७०. बरं, मेसेज सगळा इंग्लिश आहे आणि शेवटी फक्त एक "हो" देवनागरीत टाकलात तरी अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. आपल्याला घरबसल्या एखादा मेसेज पाठवायचा असेल तर हे लक्षातही येत नाही, पण शेकडो पालकांना किंवा शेतकऱ्यांना मराठीत कळवायचंय आणि प्रत्येक मेसेजमागे पैसे मोजायचेत अशा माणसाला विचारा. तीच गोष्ट मराठीत सांगायला दुप्पट खर्च, मग तो काय करतो, तर मराठीच पण इंग्लिश अक्षरांत लिहितो आणि वाचणारी आजी ते नातवाकडून वाचून घेते.

हे असं का होतं हे ज्याला समजलं त्याला कॉम्प्युटर सायन्सचा पहिला धडा समजला असं मी म्हणेन. मी रविवारी आमच्या भागातल्या आठवी-नववीच्या मुलांना शिकवते आणि सुरुवात इथूनच करते. मुलं येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे टायपिंग, एक्सेल, प्रिंट काढणं, घरच्यांनीही सांगितलेलं असतं की एमएस-सीआयटी कर म्हणजे कॉम्प्युटर येईल. ते शिकायलाच हवं, त्यावर कित्येकांच्या नोकऱ्या लागल्यात, पण ते झालं मशीन वापरणं. कॉम्प्युटर सायन्स म्हणजे जगातली एखादी गोष्ट आकड्यांत कशी मांडायची आणि मग त्या आकड्यांवर कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी करायची याचा अभ्यास. आणि या दोन्ही गोष्टी मशीन स्वतः ठरवत नाही हो, माणसं ठरवतात, टेबलाभोवती बसून, वाद घालून, कधी घाईत.

तर आधी आकडे. मशीनच्या आत करंट आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अवस्थांवर सगळं चालतं, एकाला १ म्हणायचं, दुसरीला ०. अशा एका जागेला बिट म्हणतात. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ मध्ये माहिती मोजायची कशी यावर जो पेपर लिहिला त्यात हा शब्द छापून आला, आणि तो आपल्याला जॉन टुकी यांनी सुचवला हेही त्याने तिथेच लिहून ठेवलंय. एका बिटने दोन गोष्टी सांगता येतात, दोन बिटने चार, तीनने आठ, म्हणजे प्रत्येक बिट वाढला की दुप्पट. सात बिट घेतले तर १२८. आणि आठ बिटचा गठ्ठा म्हणजे एक बाइट.

आता अक्षर. मशीनला "अ" माहीत नाही आणि "ए" पण माहीत नाही, त्याला फक्त नंबर माहीत. म्हणून कोणीतरी एक यादी करायची की अमुक नंबर म्हणजे अमुक अक्षर आणि सगळ्यांनी ती पाळायची. अमेरिकेत १९६३ मध्ये अशी एक यादी ठरली, तिचं नाव आस्की, १९६७ मध्ये तिच्यात इंग्लिशची छोटी लिपी घालून ती पक्की केली. सात बिट, १२८ जागा. मोठ्या लिपीतला ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. इंग्लिशची मोठी-छोटी अक्षरं, अंक, विरामचिन्हं, मशीनला द्यायच्या काही खुणा, एवढ्यात सगळ्या जागा भरल्या. तेव्हा त्या माणसांसमोर टेलिप्रिंटर होते आणि इंग्लिश होतं, त्यांनी त्यांचा प्रश्न चांगला सोडवला, पण आपल्या क ला तिथे खुर्ची नव्हती.

एसेमेसचं गणित आता जमेल बघा. एका एसेमेसमध्ये १४० बाइट जातात. १४० गुणिले ८ म्हणजे ११२० बिट. इंग्लिशचं अक्षर सात बिटचं, ११२० भागिले ७, १६०. एसेमेसची सात बिटांची यादीही आस्कीसारखीच, देवनागरी तिच्यात नाही, म्हणून ती वापरली की मेसेज दुसऱ्या पद्धतीवर जातो जिथे प्रत्येक अक्षराला १६ बिट, ११२० भागिले १६, बरोब्बर ७०. मुलांना हे फळ्यावर स्वतः करायला लावलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण भागाकार पाचवीतला आहे आणि उत्तर खिशातल्या मोबाईलमधलं आहे.

मग मराठी कॉम्प्युटरवर आली कशी? बरीच वर्षं ती जुगाडावर चालली. ज्यांनी लग्नपत्रिका, हँडबिलं, प्रश्नपत्रिका डीटीपीवाल्याकडे बसून करून घेतल्यात त्यांना आठवेल. फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आलं आणि उघडली की मराठीच्या जागी इंग्लिश अक्षरांचा नुसता खिचडा दिसायचा. कारण त्या फाईलमध्ये मराठी नव्हतीच. उदाहरणार्थ कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्लिश डी च्या जागी क चं चित्र बसवलेलं होतं. मशीनच्या लेखी तिथे १०० नंबर म्हणजे छोटा डी, फक्त दाखवताना त्यावर क चा मुखवटा. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. छापायला हे चालून गेलं, पण शोधायला, क्रमाने लावायला, मेलने पाठवायला निरुपयोगी, आणि दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये क वेगळ्याच जागेवर. तेवढ्या काळात मराठीत जे काही टाईप झालं त्यातलं किती आज उघडत नसेल या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

याला उत्तर शोधायचं काम आपल्याकडेही झालं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची यादी ऐंशीच्या दशकात तयार झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था, जी १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि जिला लोक परम सुपरकॉम्प्युटरमुळे ओळखतात, तिथल्या मंडळींनी भारतीय भाषांसाठी खूप काम केलं. आणि जगभर युनिकोड आलं, पहिली आवृत्ती १९९१. कल्पना साधी: जगातल्या सगळ्या लिप्यांची एकच यादी, कुणीही कुणाच्या खुर्चीवर बसायचं नाही. जागा अकरा लाखांच्या वर, त्यातल्या दीड लाखाहून जास्त भरल्यात. आपल्या देवनागरीचा मुख्य वॉर्ड २३०४ पासून २४३१ पर्यंत, १२८ खुर्च्या, आणि तिथली मांडणी इस्कीवरून घेतलेली. विंडोजमध्ये जो मंगल फॉन्ट आपण वर्षानुवर्षं वापरला तो र. कृ. जोशी यांनी काढलेला आहे हे किती जणांना माहीत असतं? सुलेखनातला एवढा मोठा माणूस, त्याचं अक्षर आपण रोज वाचत होतो.

"मराठी" हा शब्द मशीनमध्ये असा असतो: २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८. म्हणजे म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. काना आणि वेलांटीला स्वतंत्र नंबर आहे हे लक्षात घ्या. "ज्ञानेश्वर" आपण वाचतो तेव्हा चार अक्षरं, ज्ञा, ने, श्व, र. मशीनमध्ये मोजा: ज, पायमोडायची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, परत पायमोडायची खूण, व, र. दहा. आणि आज इंटरनेटवर मजकूर साठवायची जी पद्धत सगळीकडे चालते तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे तीस. तेच नाव इंग्लिश स्पेलिंगमध्ये अकरा अक्षरं, अकरा बाइट. एखाद्या फॉर्मवर "नाव जास्तीत जास्त ३० बाइट" अशी मर्यादा कुणी ठेवली असेल तर इंग्लिशवाल्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव बहुतेक बसतं आणि आपला ज्ञानेश्वर एकटाच सगळी जागा खाऊन बसतो. मर्यादा टाकणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं, त्याने हे मोजलेलंच नसतं.

अजून एक गंमत, खरं तर डोकेदुखी. शेतकऱ्यांना या शब्दातला जो अर्धा र आहे, ऱ्या मधला, तो मराठीचा खास. तो नसेल तर आचाऱ्यांना बोलावलं की आचार्यांना बोलावलं हे कळणार नाही, दऱ्या आणि दर्या एक होतील. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो, एक म्हणजे ऱ ची वेगळी खुर्ची वापरून, दुसरा म्हणजे साधा र, पायमोडी आणि एक न दिसणारी जोडखूण वापरून. "शेतकऱ्यांना" आणि "शेतकर्‍यांना", स्क्रीनवर सारखेच, आत नंबर वेगळे. तुम्ही एका पद्धतीने शोधलंत आणि फाईलमध्ये दुसरी पद्धत असेल तर साधा प्रोग्रॅम सरळ सांगतो, सापडलं नाही. ॲप या शब्दाचं पण तेच, ॲ ला स्वतःची खुर्ची २००८ मध्ये मिळाली, त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून "अॅप" लिहीत होते, आणि आजही दोन्ही चालू आहेत. शोधण्याआधी दोन्हींना एकाच साच्यात आणणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम, आणि ते काम त्याला सुचायला त्याला ऱ माहीत तरी हवा ना.

आता दुसरा भाग, पायऱ्या. याला अल्गोरिदम म्हणतात. शब्द अवघड वाटतो पण तो एका माणसाच्या नावावरून आलाय, नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले अल-ख्वारिझ्मी, ज्यांनी भारतीय अंकपद्धतीने आकडेमोड कशी करायची हे लिहून ठेवलं. अर्थ आपल्या "कृती" इतकाच, पुरणपोळीची कृती लिहितो तशी, फक्त इथे "मीठ चवीपुरतं" चालत नाही, मशीनला चव नाही, किती ग्रॅम ते लिहावं लागतं.

पहिली कृती मी मतदार यादीवर शिकवते. १००० नावं आहेत, एक शोधायचंय. वरून एकेक बघत गेलं तर नशीब वाईट असेल तर हजार वेळा बघावं लागेल. पण यादी क्रमाने लावलेली असेल तर मधलं नाव उघडा, आपलं नाव त्याच्या आधी येतं की नंतर एवढं बघा, अर्धी यादी बाद. उरलेल्यातलं मधलं उघडा, परत अर्धी बाद. हजार नावांना जास्तीत जास्त दहा वेळा बघितलं की काम झालं. याला बायनरी सर्च म्हणतात. आणि आता खरी ताकद बघा, दहा लाख नावं असतील तर वीस वेळा, शंभर कोटी असतील तर तीस वेळा. हजारावरून शंभर कोटींवर गेलो आणि कष्ट फक्त दहाचे तीस झाले. तुमच्या मोबाईलवर एवढ्या मोठ्या ढिगातून क्षणात काहीतरी सापडतं त्यामागे फास्ट मशीन आहेच, पण त्याहून जास्त अशा कृती आहेत.

पण यात एक अट आहे जी मी मुद्दाम हळूच सांगते: यादी क्रमाने लावलेली हवी. क्रम म्हणजे कुठला क्रम?

मग मी पाच चिठ्ठ्या टेबलावर ठेवते. कदम, कावळे, कासार, काळे, कुलकर्णी. लावा म्हणते. मुलं बाराखडीने लावतात, आपल्या वर्णमालेत श ष स ह आणि मग ळ, म्हणून काळे हे कासारनंतर. बरोबर, आपली वर्णमाला असंच सांगते. आता मशीनला सांगू, नुसत्या नंबरांवर लाव. युनिकोडमध्ये ल चा नंबर २३५४ आणि लगेच त्याच्या शेजारी ळ, २३५५. व २३५७, स २३६०, ह २३६१. सगळ्या भारतीय लिप्यांना मिळून एक सामायिक मांडणी केली त्यात ळ ची खुर्ची ल च्या शेजारी गेली. त्यामुळे मशीन लावतं: कदम, काळे, कावळे, कासार, कुलकर्णी.

आता ही छापलेली यादी हातात घ्या आणि आपल्या सवयीने काळे शोधा. मधलं नाव उघडलं, कावळे. आपल्या डोक्यात काळे हे कावळेच्या नंतर येतं, म्हणून वरचा अर्धा भाग सोडला आणि खाली गेलो. कासार, अजून खाली. कुलकर्णी, हे तर पुढे गेलो. संपलं. काळे यादीत नाही. आणि काळे तर वरच, दुसऱ्या नंबरवर बसलेत. मुलं दोन मिनिटं गप्प होतात इथे. कुणीही चूक केलेली नाही, यादी बरोबर लावलीय, शोधणाऱ्याने बरोबर शोधलंय, फक्त दोघांचा क्रम वेगळा आहे, आणि टेबलापलीकडचा माणूस म्हणतो तुमचं नाव नाही. पाच नावांत हे डोळ्याला दिसतं. पाच हजारांत दिसत नाही, आणि माणूस घरी जातो.

नाव जुळणं हा तर अख्खा स्वतंत्र विषय आहे आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण माझ्या चुलतबहिणीची शिष्यवृत्ती यातच अडकली होती. एका कागदावर नावात पहिली वेलांटी, दुसऱ्यावर दुसरी. दीपाली आणि दिपाली समजा. २३६८ आणि २३६७, मशीनसाठी दोन वेगळ्या मुली. तिने प्रतिज्ञापत्र केलं, परत कागद दिले, काकांचे कामाचे किती दिवस बुडाले याचा हिशोबच नाही.

यावर कॉम्प्युटर सायन्समध्ये उपाय आहेत आणि ते शिकायला फार सुंदर आहेत. एक जुना, साउंडेक्स, रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट घेतलेला: पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना उच्चाराप्रमाणे गट-क्रमांक द्यायचे, सारख्या आवाजाच्या नावांना सारखा कोड मिळतो. इंग्लिश आडनावांना छान. पण आपल्या वाघांपैकी काही स्पेलिंग डब्ल्यूने करतात, काही व्हीने, पहिलं अक्षरच वेगळं, म्हणजे कोड वेगळा, आणि एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांचे. दुसरा उपाय रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांचा, १९६५ चा. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती बदल लागतात ते मोजायचं, अक्षर घालणं, काढणं किंवा बदलणं, प्रत्येकाचा एक गुण. दीपालीचं दिपाली करायला एक बदल. मग ठरवू, एक बदल असेल तर नाव जुळलं म्हणायचं. सुटला प्रश्न?

रमा आणि उमा. र च्या जागी उ, एकच बदल. आता दोन सख्ख्या बहिणी मशीनला एक वाटतील आणि एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात.

इथे मी फळ्यावरून बाजूला होते आणि मुलांना भांडू देते. नियम कडक ठेवला तर दीपाली अडकते, सैल ठेवला तर रमा-उमा एक होतात. मध्ये काही करता येतं, वेलांटीचा बदल अर्ध्या गुणाचा धरा, व्यंजनाचा पूर्ण, जन्मतारीखही बघा, असं करत करत चुका कमी होतात, पण शून्य होत नाहीत. शेवटी कोणीतरी ठरवायचंच असतं की चूक झालीच तर ती कुणाच्या बाजूने झालेली चालेल, खरा हक्कदार बाहेर राहिलेला चालेल की चुकीचा माणूस आत आलेला. याचं उत्तर गणितात नाही. शिष्यवृत्तीसाठी ते एक असेल, बँकेच्या खात्यासाठी दुसरं असेल. पण प्रोग्रॅममध्ये ते एका ओळीत, एका आकड्यात लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो आकडा एखाद्या मुलाने किंवा मुलीने रात्री उशिरा डेडलाइनच्या आधी टाकलेला असतो, कुणीही त्यावर चर्चा केलेली नसते. समाजावर कॉम्प्युटरचा परिणाम वगैरे जे मोठं मोठं बोलतात ते माझ्यासाठी त्या एका आकड्यात आहे.

आताच्या एआयबद्दल मुलं हमखास विचारतात, तर तिथेही मूळ तेच. ही मॉडेल्स मजकुराचे तुकडे करून वाचतात, आणि कुठले तुकडे करायचे हे आधी खूप मजकूर चाळून ठरतं. त्या मजकुरात इंग्लिश ढीगभर, मराठी चिमूटभर, म्हणून इंग्लिश शब्द बऱ्याचदा अख्खा एक तुकडा होतो आणि मराठी शब्दाचे अनेक होतात. तुकड्यांवर वेळ आणि पैसा मोजला जातो. म्हणजे १६० आणि ७० चीच गोष्ट, फक्त नव्या कपड्यात.

मागच्या महिन्यात त्या पाच चिठ्ठ्यांवरून एका मुलीने विचारलं, मग आपण मशीनला सांगू शकत नाही का की ळ ह च्या नंतर. सांगू शकतो की. पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा, उघडलं, वर्णमाला आपल्या क्रमाने एका ओळीत लिहिली, काना-मात्रा पण, आणि मशीनला सांगितलं की युनिकोडचा नंबर बघू नको, या ओळीत अक्षर कितव्या जागी आहे ते बघ. दहा-बारा ओळींचं काम. दोनदा एरर आली, एकदा तर कंस राहिला होता, मग चाललं. कदम, कावळे, कासार, काळे, कुलकर्णी. तिने त्यात वर्गातल्या सगळ्यांची आडनावं टाकून यादी काढली आणि ती भिंतीवर लावली. लावून झाल्यावर तिलाच दिसलं की क्षीरसागर अजून क मध्ये, कुलकर्णींच्या नंतर बसलाय, आपल्या वर्णमालेत तर क्ष पार शेवटी. कारण क्ष हे मशीनला एक अक्षर नाहीच, क, पायमोडी आणि ष असे तीन नंबर आहेत, एकेक अक्षर बघणारी आमची कृती तिथे चालत नाही, आधी तीन एकत्र दिसले तर त्यांना एक धर असं सांगावं लागेल. ते पुढच्या रविवारी. ज्ञ ला पण तेच लागणार आहे हे तिने वहीत आधीच लिहून ठेवलंय.